जास्तीची ओळ

उखर्डू नानांचा चेहरा आठवायला गेलो की आधी त्यांची पाठच समोर येते. पांढरा सदरा, मधोमध घामाची लांबट ओल, खांद्याशी जरा पोक. दुपारची वेळ, सारवलेला ओटा, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि नाना घराच्या दाराकडे पाठ करून गल्लीकडे बघत बसलेले. प्रश्न ते गल्लीला विचारायचे. उत्तर घरातून यायचं.

लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा एकटाच बडबडतोय. पण ते सरकारी काम होतं. नाना जन्ममृत्यूच्या पाहणीवर होते. गेल्या सहा महिन्यांत या घरात कोण जन्मलं, कोण गेलं, हे घरोघर विचारून लिहायचं. आता हे खरं सांगू शकणारं माणूस घरात एकच, ते म्हणजे सून. आणि ऐंशीच्या सुमाराला आमच्या खानदेशातल्या खेड्यात सून परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघून बोलायची नाही. तिच्या वतीनं सासरा बोलायचा. सासऱ्याला गोठ्यात किती ढोरं आहेत ते पक्कं ठाऊक असायचं, घरात किती पोरं झाली ते विचारलं की तो आढ्याकडे बघायचा. म्हणून नाना सासऱ्याशी चार गोष्टी पावसापाण्याच्या करायचे, मग ओट्यावर उलटे बसायचे आणि म्हणायचे, "माय, माले तोंड नको दखाडू. मना पाठले सांग."

आणि बाया सांगायच्या. दाराआडून, चुलीपाशी बसून, दळण निवडता निवडता सांगायच्या. त्यांतल्या एकीचीही ओळख नानांना चेहऱ्यानं नव्हती. आवाजानं सगळ्या माहीत. एकदा पारोळ्याच्या बाजारात मागून कुणीतरी भाजीवालीशी घासाघीस करत होतं, तर नाना न वळता मला म्हणाले, "ही शिंदखेड्याकडची. हिला दोन मुली. धाकटीला खोकला होता." मी वळून बघितलं. बाईच्या कडेवर मुलगी होती आणि ती खोकत होती.

मी त्या पाहणीच्या कचेरीत लागलो तेव्हा नवाकोरा बी.एस्सी. होतो, संख्याशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. वडील जळगावात जिनिंगमध्ये हमाल. हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो, आताही सांगतो. लाज कसली? नाना मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "बीएस्सी" म्हणायचे. स्वतःबद्दल सांगायचे, "मी सातवी पास. दोनदा बसलो सातवीला, म्हणजे चौदावी धरा."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. "बीएस्सी, शून्य म्हणजे काय?"

मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "असेल तसं. आपल्या कामात शून्य म्हणजे शंभर घरं. शंभर दारांवर गेलो, बसलो, विचारलं, आणि कुठंच मयत निघालं नाही, तर ते शून्य. झाडाखाली बसून टाकलं तर ते शून्य नाही. ते कागदाला पडलेलं भोक."

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे वीस वर्षं मी आकड्यांतच काढली, पण शून्याबद्दल याहून शहाणं काही ऐकलं नाही.

कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चिठ्ठ्या काढून काही गावं निवडलेली असायची, जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतली. अशा प्रत्येक गावात तिथलाच एक माणूस, बहुतेक शाळेचे गुरुजी, वर्षभर वही ठेवायचा. जन्म झाला की लिही, मयत झालं की लिही. दर सहा महिन्यांनी नाना त्या गावात जायचे आणि गुरुजींच्या वहीकडे ढुंकूनही न बघता, नव्यानं सगळं गाव विचारून आपली यादी करायचे. मग दोन्ही कागद जळगावला माझ्या टेबलावर यायचे. मी ओळीला ओळ लावायचो. जुळलं तर ठीक. एखादी ओळ एकाकडे आहे नि दुसऱ्याकडे नाही असं निघालं, की या दोघांना सोडून तिसऱ्या माणसानं त्या घरी जाऊन खरंखोटं बघायचं. तो तिसरा माणूस मी.

नाना निवृत्त व्हायला चार महिने उरले असताना त्यांच्या यादीत अशी एक ओळ जास्तीची आली. त्या एका ओळीपायी त्यांनी नोकरीभराचं नाव आपल्या हातानं पणाला लावलं. ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितोय. पण नाना कसे होते ते आधी कळलं नाही, तर ती ओळ कळायची नाही.

लिहून झालं की ते वाचून दाखवायचे. अक्षरशत्रू बाईलासुद्धा. "तुझ्या नावावर काय लिहिलं ते तू ऐक, मग मी उठतो." कचेरीतले साहेब चिडायचे, यात वेळ जातो म्हणून. नाना म्हणायचे, "साहेब, तिचा शब्द घेऊन चाललोय. पावती नको द्यायला?" कधीकधी आतून दुरुस्ती यायची. "पोळाले नही, पोळाना आदल्या दिवशी." नाना खोडायचे, परत लिहायचे, परत वाचायचे.

तारखा त्यांना कुणी सांगायचं नाही आणि ते विचारायचेही नाहीत. श्रावणातली कानबाई बसली होती का? दादर ज्वारी कापली होती की उभी होती? आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके बांधले होते का? या गोष्टींवरून ते दिवस काढायचे आणि तो क्वचितच चुकायचा. वयांच्या बाबतीत मात्र ते खट्याळ होते. एका गावात सगळ्या म्हाताऱ्यांनी आपली वयं पन्नास, पंचावन्न, साठ अशीच सांगितली. नाना पारावर उभं राहून ओरडले, "काय हो, तुमच्या गावात पाच वर्षांतून एकदाच पोरं होतात का? मधली चार वर्षं काय करतात मंडळी?" सगळा पार हसला. मग एकेक जण येऊन आपली साठी मोडून द्यायला लागला.

आखाजीला लेकी माहेरी येतात. अशीच एक आली आणि माहेरीच बाळंत झाली. मुलगा झाला. नाना गेले तर योगायोगानं तिचे सासरे व्याह्याकडे आलेले. दोघं आजोबा ओट्यावर भांडायला लागले. हा म्हणे, "पोऱ्या आठे जन्मना, आठे लिखा." तो म्हणे, "पोऱ्या आम्हना शे, आम्हना गावले लिखा." मामला हातघाईवर आला. नाना म्हणाले, "बाबांनो, पोऱ्या एकच शे, दोन गावस्ले कसा पुरी?" नियमाप्रमाणे त्यांनी तो सासरच्या गावाकडे टाकला. मग हळूच गल्लीला विचारलं, "मागच्या आखाजीला थोरली लेक आली होती, तिला काय झालं?" आतून आवाज आला, "पोर." "ती कुठल्या गावाला लिहिली?" दोघं आजोबा आपापली पायताणं शोधायला लागले. तिच्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. ती कुठंच नव्हती.

आणि नावं. नाना गावात शिरले की हाका ऐकत चालायचे. एका उन्हाळ्यात काम शिकायला मी नानांबरोबर धुळ्याकडच्या एका गावात होतो. ऊन असं की घरं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. एका दारातून बाईनं हाक मारली, "दगडू, ए दगडू, घर ये रे!" नाना थांबले. आमच्याकडे पहिली मुलं जगली नाहीत, की पुढच्याला दगडू, भिका, उकिरड्यावरून उखर्डू असलं काहीतरी नाव ठेवतात. देवाला हेवा वाटू नये, दगड म्हणून सोडून द्यावं. नाना त्या ओट्यावर जाऊन बसले, पाठ करून.

"माय, दगडूना आधी कितला व्हतात?"

आतलं भांडं वाजायचं थांबलं. "तुम्हले कोनी सांगं?"

"दगडूनीच सांगं."

नाना घाई करायचे नाहीत. त्यांचं बसणं असं, की वाटावं हा माणूस सावली सरकताना बघायलाच आलाय. मग आतून आलं, "दोन. एक पोऱ्या, एक पोर." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "दगडूना मांगे बी एक."

ते शेवटचं आमच्या सहा महिन्यांतलं होतं. गावच्या वहीत ते नव्हतं.

वाटेत मी विचारलं, "नाना, तुमचंही नाव उखर्डू."

"हो. माझ्याआधी चार," ते म्हणाले. "ती कुठल्या कागदावर नाहीत." आणि चष्मा पुसत पुढे चालू लागले.

आता ते गाव. नाव सांगत नाही, माणसं आहेत अजून. चाळीसगावहून धुळ्याला जी छोटी गाडी जायची, कोळशाच्या इंजिनाची, तिच्या वाटेवर होतं. तिथल्या गुरुजींची वही म्हणजे आमच्या कचेरीची शान. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, एक खाडाखोड नाही. आणि दर सहामाहीला गुरुजींची वही आणि नानांची यादी तंतोतंत जुळायची. सहा वर्षं एकही ओळ इकडची तिकडे नाही. साहेब नव्या माणसांना ते कागद दाखवायचे, "काम असं पाहिजे." मीही त्या गावाचा गठ्ठा आला की खूश व्हायचो. दहा मिनिटांत जुळणी संपायची.

गुरुजी आणि नाना एकमेकांचे जिवाभावाचे. त्या गावी नाना उतरायचे गुरुजींकडेच. कामाबद्दल दोघं चकार शब्द बोलायचे नाहीत, नियम म्हणजे नियम. भरीत-भाकरी खायची, पीकपाण्यावर बोलायचं, आणि सकाळी नाना गाव विचारायला निघायचे.

त्या सहामाहीला मी ओळी लावत आलो आणि शेवटाला नानांच्या यादीत एक ओळ उरली. मुलगी. नावाच्या रकान्यात आडवी रेघ. जन्म, आणि चौथ्या दिवशी मृत्यू. घर क्रमांक बघितला, परत बघितला. घर गुरुजींचं होतं. त्यांच्या सुनेची मुलगी.

साहेबांनी नानांना बोलावलं. साहेब वाईट नव्हते, सगळ्यांचं गोडीगुलाबीनं व्हावं असं वाटणारे होते. म्हणाले, "नाना, स्वतःच्या घरातली नात गुरुजी विसरतील का? तुमची ऐकण्यात चूक झाली असेल. चार महिने राहिलेत तुमचे. खोडा ती ओळ, हार घालून घरी जा."

नाना म्हणाले, "साहेब, ओळ माझी असती तर खोडली असती."

मग मला म्हणाले, "बीएस्सी, तू जा. आणि तिथं जाऊन माझी बाजू घेऊ नको."

मी गेलो. चाळीसगावला गाडी बदलली. ती गाडी चालायची की नुसती डुलायची ते सांगता यायचं नाही. दोन्ही बाजूंना कपाशी उकललेली, खिडकीतून कापसाचा एखादा पुंजका तरंगत आत यायचा आणि कुणाच्या तरी टोपीवर बसायचा. अर्धा डबा पेंगत होता. मलाही झापड येत होती आणि त्या झापडीत ती ओळ दिसत होती, नावाच्या जागी रेघ असलेली.

गुरुजी ओट्यावर बसले होते. धोतर, काळी टोपी, मांडीवर वही. मला बघून म्हणाले, "या साहेब. का आलात ते ठाऊक आहे. ओळ खोडा असं मी म्हणणार नाही. पण ती नोंद नाही."

"मुलगी झाली होती का, गुरुजी?"

"झाली होती."

"गेली?"

"गेली. पाचवीच्या आधी गेली." ते वहीचा कोपरा नीट करत राहिले. "पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर लिहिते. ज्याच्या कपाळावर सटवाईनंच लिहिलं नाही, त्याचं मी वहीत काय लिहू?"

मी शिकलेला, तोंडाळ. पटकन म्हणालो, "गुरुजी, आपल्या फॉर्मात सटवाईचा रकाना नाही."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "मला कळतं ते. पण पाचवीच्या आत गेलं ते आलंच नाही असं आम्ही धरतो. आईला सोपं जातं. गावालाही मी सांगून ठेवलंय, असलं कुणाला सांगत बसू नका. विचारणारा विचारून जातो, खपली मात्र बाईची निघते."

"किती वर्षांपासून सांगून ठेवलंय?"

"वही घेतली तेव्हापासून."

दोन्ही कागद सहा वर्षं जुळत होते, ते दोघं खरं लिहीत होते म्हणून नाही. दोघांच्या कागदात भोक एकाच जागी होतं. असं भोक वरून बघणाऱ्याला कधीच दिसत नाही, उलट तो पाठ थोपटतो. आम्ही थोपटलीच होती.

मला घरातल्या सूनबाईंशी बोलायचं होतं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग पायताण चढवलं आणि गल्लीच्या टोकाला निंबाखाली जाऊन उभे राहिले. मी ओट्यावर वळून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीला प्रश्न विचारला. लाजल्यासारखं झालं.

आतून स्वच्छ आवाज आला. वाट बघत असल्यासारखा. "चार दिन व्हती. दूध पेत व्हती. पाचवीनं सामान आनेल व्हतं, ते सुपमाच ऱ्हायनं."

मी लिहीत गेलो. मग विचारलं, "नानांना तुम्ही कसं सांगितलं?"

"नाना जेवी ऱ्हायंतात. मी भाकर वाढाले ऊनू. म्हनं, नाना, बठ्ठा गावले इचारतस, माले कधी इचारं नही."

घास हातातच राहिला म्हणे नानांचा. मग ताट बाजूला सारून, हात न धुता, त्यांनी दाराकडे पाठ केली.

नानांच्या रीतीप्रमाणे मी लिहिलेलं वाचून दाखवलं. घर क्रमांक, स्त्री, जिवंत जन्म, वय दिवस चार. सरकारी मराठी, दगडासारखी. मला वाटलं बाई निघून गेली. मग आवाज आला.

"आते वाचा आजून एक डाव."

मी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं नाही, पण मीच आपणहून वाचलं.

गुरुजी परत आले. त्यांनी कागद हातात घेतला, सगळा वाचला आणि खाली सही केली. ते अक्षर तेवढं मोत्यासारखं नव्हतं.

जळगावला येऊन मी अहवाल दिला, ओळ खरी आहे म्हणून. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे चूक गुरुजींची. नाना, शाबास! जाताजाता पकडलंत. तसंच लिहून टाकू."

इथं सगळं संपत होतं. नाना हार घालून घरी गेले असते. दोन कागद सहा वर्षं का जुळले हे मला कळलं होतं, पण मी बोललो नव्हतो. खरं सांगतो, मी बोललो नसतो. नानांचा निरोप गोड व्हावा असं मलाही वाटत होतं.

नाना उभेच होते. म्हणाले, "साहेब, एक विचारा ना मला. याच गावात आधी माझे सगळे कागद जुळले कसे?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाकी गावांत मी बसून विचारायचो. त्या गावात उभ्यानं विचारलं. गुरुजींची वही पक्की, मग कशाला दुपार घालवा, असं मनात यायचं. आणि त्यांच्या घरी तर विचारलंच नाही. त्यांच्याकडचं जेवलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघून शून्य टाकलं. सहा वर्षं." त्यांनी चष्मा काढला. "ती भोकं गुरुजींची अर्धी. अर्धी माझी. लिहा तसं."

"नाना, छापून गेलेले आकडे उकरता येत नाहीत हो."

"छापलेले राहू द्या. मला गाव मोजू द्या."

साहेबांनी दोन दिवस समजावलं. कचेरीतले लोक म्हणाले, म्हाताऱ्याला भ्रम झाला. एक शिपाई म्हणाला, "नाना, मेलेली पोरं मोजून जिती होतात का?" नाना म्हणाले, "नाही रे. पण ती होती, हे खोटं तरी राहत नाही." शेवटी साहेबांनी नाइलाजानं त्यांच्या सेवापुस्तकात "कामात निष्काळजीपणा" असा शेरा मारला. लिहिताना साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. गाव पुन्हा मोजायचा हुकूम काही निघाला नाही. नानांनी शिल्लक रजा टाकली आणि पिशवी घेऊन त्या गावाला निघाले. हार झाला नाही, चहा झाला नाही. निवृत्त झाले ते रजेतच.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. ते शाळेच्या पडवीत राहत होते. गुरुजींनी दोन दिवस दार लावून घेतलं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी हातात नवी कोरी वही घेऊन पडवीत आले आणि एवढंच म्हणाले, "चला." तेव्हापासून दोघं बरोबर होते. प्रत्येक दाराशी आधी गुरुजी बोलायचे. "मीच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून. आता मीच सांगतो, सांगा." मग दोघं म्हातारे ओट्यावर शेजारीशेजारी बसायचे. मीही एका घरी बसलो. आतली आजी बोलायला लागली ती थांबेना, सुनेचं सांगून झाल्यावर स्वतःचं सांगू लागली, चाळीस वर्षांपूर्वीचं. ते आमच्या कुठल्याच सहामाहीत बसत नव्हतं. गुरुजी नानांकडे बघायला लागले. नाना हळूच म्हणाले, "ऐकायला रकाना लागत नाही."

ती वही नंतर टपालानं माझ्या नावावर आली. छापील आकड्यांत तिला जागा नव्हती, ती माझ्या कपाटात राहिली. पण पुढच्या सहामाहीपासून त्या गावाचा मृत्यूंचा आकडा चढला आणि चढलेला राहिला. वरून विचारणा झाली, या गावात साथ आली का? मी उत्तर लिहिलं, साथ नाही, मोजणी झाली. माझ्या सबंध नोकरीत मी लिहिलेलं मला आवडणारं वाक्य ते एकच.

नाना पुन्हा भेटले नाहीत. साक्रीकडे आपल्या गावी गेले, तिथंच वारल्याचं कळलं.

शेवटचे दिसले ते त्या रविवारीच. दुपारच्या गाडीनं मी परत निघालो. गाडी गावाबाहेर आली की एका नाल्याला वळसा घालते. नाल्यापलीकडे भिलाटी होती, भिल्लांची वस्ती, दहा-बारा झोपड्या, निळसर धूर, मागं टेकाड. ती घरं यादीत होती. पण त्या घरांचं मात्र इतकी वर्षं गुरुजींनी आणि नानांनी दोघांनीही अलीकडच्या काठावर उभं राहून, हाक मारून विचारलेलं. नाल्यात तेव्हा गुडघाभर पाणी होतं, उन्हात ते पांढरं दिसत होतं. गुरुजींनी धोतर खोचलं होतं, वही टोपीवर धरली होती, आणि ते मध्येच थांबले होते, पाय ठेवायला दगड सापडत नसावा. नानांनी त्यांचं कोपर धरलं. पलीकडच्या काठावर एक बाई उभी होती. गाडीनं शिटी दिली, ती दोघांनाही ऐकू गेली नसावी. नानांनी एक पाऊल टाकलं, मग गुरुजींनी टाकलं. इंजिनाचा धूर खिडकीवरून गेला आणि तो सरेपर्यंत कपाशी लागली होती.